वासाचा तास

ज्ञानेंद्रियांच्या धड्यात नाकाला दोन ओळी
आणि एक गुलाब.
आमच्या गावात गुलाब कुणाकडेच नाही,
म्हणून म्हटलं, पुस्तक मिटा. डोळे मिटा.
मोहाचं फूल आठवा,
पहाटे वेचलेलं, ओलं, टोपलीतलं.
वास आला की हात वर.

धान कापणीचे दिवस. मोहाला अजून चार महिने.
वर्गात नुसता खडू
आणि खिचडीच्या गंजाखालचा धूर.

प्रणोतीचा हात आधी. मग मागचे तिघे.
नाकपुड्या हलू लागल्या,
लांबून पाणी कळलेल्या शेळ्यांसारख्या.
संघपालनं तर ओठच चाटले,
त्याचा मोह भाजून, तिळात कुटून,
लाडू होऊन आला होता.

डिलेश मडावीच्या कपाळावर
भागाकाराच्या आठ्या.
कंदील घेऊन रानात जाणारा हा पोरगा,
सगळ्या वर्गाहून जास्त मोह यानंच वेचला असेल.
"गुरुजी, फूल दिसते जी. पिवरं.
बुडाचं भोक बी दिसते.
मायचा हात दिसते.
वास नाई येत."

"नाक चोंदलं का बे?"
पोरं हसली.
चोंदलं नव्हतं. हिंगाची डबी
त्यानं हातभर लांबून ओळखली.

माय त्याची मिरची तोडायला तेलंगणात, दिवाळीपासून.
धाकटी बहीण रात्री मायच्या लुगड्यात तोंड खुपसून रडते,
हा शेजारी झोपतो, शांत.
गाव म्हणतं, पोरगं दगड आहे.
मीही म्हणालो होतो एकदा, मनात.

सुलक्षाचा हात वर गेला
आणि खाली येताना तोंडावर थांबला.
ती धावली. हापशीजवळ ओकली.
मी फूल म्हटलं होतं.
तिचा मोह टोपलीत नव्हता,
तो रात्री येत असणार
भिंतीला धरून, कडी वाजवत.
हे मला माहीत होतं.
आठ महिन्यांपासून माहीत होतं.

तिचं तोंड धुतलं. धडा पुढे नेला नाही.
खुर्चीत बसून मीही डोळे मिटले.
बापाचं पंक्चरचं दुकान लगेच आलं,
सोल्यूशन, तापलेलं रबर, टबातलं काळं पाणी.
बाप नाही आला.

मधल्या सुट्टीत कडुलिंबाखाली
ती डिलेशजवळ जाऊन बसली.
"तुले खरंच नाई येत?"
"नाई."
"कसं करतं तू?
मले शिकव ना."

डिलेशला कुणी कधी काही शिकव म्हटलं नव्हतं.
चपलेच्या टोकानं तो माती उकरत राहिला.
मग म्हणाला, "डोये मिट.
फूल पाय.
दिसलं?
आता तेथंच थांब.
समोर नोको जाऊ."

घंटा माझ्या हातात होती.