वाटणी

महूला दुपारी फायरिंग रेंजवर गोळ्या चालतात
आणि आमच्या लॅबच्या काचा थरथरतात.
त्या थरथरीतच मी तेलाचा थेंब टाकते,
भिंग खाली आणते.

सिमरोलचा बनेसिंग सकाळी पट्ट्या देऊन गेला.
दोन. वहीच्या पानात गुंडाळलेल्या,
पोराच्या अक्षरातला सतराचा पाढा.
संकरित गाय, दुसरं वेत, ताप एकशे सहा,
खांद्यापुढे गाठ, कैरीएवढी.
विचारलं त्याने माळवीत,
मला ऐकू आलं मराठीत:
खाते तर तेवढंच, बाई. जातं कुठं?

इथं जातं, बनेसिंग.
ही बघ पांढरी पेशी, निळसर फुगलेली,
आणि तिच्या पोटात खसखस सांडल्यासारखे ठिपके.
गोचिडाने सोडला त्याला, पेशीने आपणहून आत घेतला.
येताना तिचीच चादर पांघरून आला होता,
घटकाभरात ती विरघळवली
आणि उघडाच बसला, चुलीपाशी.

त्याच्याकडे स्वतःचं असं फार काही नाही.
चूल तिची, शिधा तिचा, कोठीची किल्ली तिचीच.
तो फक्त सांगत राहतो: अजून.
मग ती हवा भरपूर असतानाही
हवा कोंडल्यासारखी जळते,
साखर ढीगभर, ऊब चिमूटभर,
आणि आंबट राख रक्तात सोडते.
मरायची वेळ झाल्याचा निरोप येतो
तो हा दारातच परत पाठवतो.
पेशीला वाटतं, आपण तरुण आहोत.

दुभंगते तेव्हा ती मधोमध धागे ताणते,
आपलं आपलं समान वाटून घ्यायला.
हा त्याच धाग्यांवर अंग टाकून पडतो,
दोघींकडे निम्मा निम्मा जातो.

रामबागेतलं आमचं घर वाटलं तेव्हा
आनंदकाकांनी तांब्याचा बंब
करवतीने कापायला काढला होता, खरंच.
आई म्हणाली, कापा, पण मग पाणी कुणाचं तापणार?
याचं तापतं.
दोन्हीकडे.

(नाशिकची मावसबहीण फोनवर हसते:
"करून राहिले" काय म्हणतेस गं, किती हिंदी शिरलंय तुझ्यात!
शिरलंय. की आम्हीच शिरलोय
आणि दीडदोनशे वर्षं तिची साखर खातोय?
गाठबीठ काही लागत नाही हाताला.
बहुतेक हे उदाहरण चुकतंय. सोडते.)

रिपोर्टवर लिहिलं: आढळले.
डॉक्टर बोळ्यांनी मानेत सुई दिली, लालसर औषध,
बनेसिंगने किंमत दोनदा विचारली
आणि दुसऱ्यांदा नुसतीच मान हलवली.

पाचव्या दिवशीची पट्टी.
आज रेंज बंद, काचा गप्प.
ठिपके आक्रसलेत, कडा विस्कटलेल्या,
जुन्या शाईसारखे.
आणि पेशी, ती बघ,
चुरगळते आहे, तुकड्यातुकड्यांनी, नीट, शिस्तीत,
जशी केव्हाच चुरगळायला हवी होती.
तिचं मरण तिला परत मिळालं.
गाय वाचते आहे ती यामुळे:
तिच्यातलं लाखो लाखो काही
आज बिनबोभाट मरू शकतंय.

हे कसं सांगायचं त्याला?
मी म्हटलं, उतार पडतोय.
म्हणाला, काल कडबा ओढला तिने, दोन लिटर दूधही दिलं.
म्हटलं, ते दूध सध्या ओतून टाक.
हूं म्हणाला. ओतणार नाही बहुतेक.

पायरीवरून परत फिरला.
ते पाढ्याचं पान ठेवलंत का, बाई?
पोराला मास्तर रागावले.

होतं, सिंकजवळ, वाळत.
सतरा पंचे पंच्याऐंशीवर
जांभळा डाग पडलेला,
पुढचं सगळं वाचता येण्यासारखं.
त्याने घडी घातली, खिशात ठेवलं
आणि किक मारली. तिसऱ्या खेपेला लागली.