डावीकडं ओढतो

बॅटरी मेली त्याला दोन दिवाळ्या झाल्या.
म्हणून तो उतारावरच झोपतो,
पुढच्या चाकाला दगड,
तोंड मार्डीच्या माळाकडं.
दगड काढायचा, क्लच दाबायचा,
मनातल्या मनात सात मोजायचे
आणि सोडायचा पाय.
एक ढेकर, काळा धूर, मग
चौऱ्याहत्तर सालचा झेटर
खोकत खोकत कामाला येतो.

कुरण आमच्या बचत गटानं घेतलं लिलावात,
अकरा हजार पाचशेला.
बायका चौदा, स्कूटी येते एकीला.
म्हणून सीटवर मी,
पदर खोचलेला, पायात पोराचे शाळेचे बूट.
खरा ड्रायव्हर बाभळीखाली, बांधावर:
चांदसाब मुलाणी.
परवाच सिव्हिलमधून सुटलाय.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी,
दुसऱ्याचा नंबर संक्रांतीनंतर;
त्यातून दिसतं ते
ताकाच्या पेल्यातून दिसावं तेवढंच.

"इथं बसून काय करणार, चाचा?"
"ऐकतो की."

सहा फुटी पातं खाली सोडलं.
दाते खटखटले. गवत
आधी नुसतं थरारलं,
उभं राहायचं की नाही ते ठरेना त्याचं,
मग आडवं झालं.
पवन्या, शेडा, मधेच मारवेल.
वास असा, की डिझेलच्या हातानं कुणी
हिरव्या बडीशेपेचा डबा उघडलाय.

बांधावरून हाक:
"शेडा सरला. कुसळ लागलं न्हवं?"
खाली बघते. कुसळ.
"म्होरं दगुड हाय, म्हशीएवढा. पातं उचल."
उचललं. दगड होता.
म्हशीएवढा नाही, रेडकाएवढा.
"थांब. तिसरा दाता ढिला झाला."
मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं.
उतरून चाचपलं,
रिबिट बोटाला लागून निघालं,
शेंगदाण्याएवढं.

"इंजिन नगं ऐकू," तो म्हणाला,
"त्येचं रोजचंच हाय.
त्येच्या मागलं ऐक."

दुपारपर्यंत उजवा दंड भरून आला.
हा डावीकडं ओढतो.
सरळ जायचं तर सारखं उजवीकडं
धरून ठेवावं लागतं,
मारक्या बैलाचा कासरा धरावा तसं.
तेव्हा कळलं, चांदसाबचा उजवा खांदा
डाव्यापेक्षा दोन बोटं खाली का;
लग्नात, मयतीला, रेशनच्या रांगेत
तो शेजारच्याकडं झुकून
काही विचारतोय असं का वाटतं.
आणि आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो,
लई अदबीचा माणूस.

"दुरुस्त नाही केलंत कधी?"
"केलं की. होटगी रोडच्या मेस्त्रीनं
येकदम सरळ करून दिला.
घरी येताना दोनदा चरीत गेलो.
मीच वढत हुतो न्हवं, उजवीकडं.
परत जाऊन वाकडा करून आणला.
पंधरा रुपये जादा घेतलं त्यानं."

उन्हं उतरली. महानंदा, इराबाई, कोष्ट्याची सून
दाताळ्यानं ओळी ओढत होत्या,
कुसळं लुगड्यातून वेचत, एकमेकींना शिव्या देत.
मी मागं वळून पाहिलं.
प्रत्येक पट्टा पाऊणभर नीट,
मग जिथं माझा हात दमला तिथून
हळूच डावीकडं गेलेला.

"सरळ आलं का?"
"आलं," मी म्हणाले.
"बरं," तो म्हणाला,
आणि बराच वेळ काडीनं दात कोरत बसला.

ट्रॅक्टर उतारावर चढवला. दगड लावला.
गार होताना पत्रा टिचटिच वाजत होता.
चांदसाबनं माझ्या खांद्यावर हात ठेवला,
आणि आम्ही गावाकडं निघालो, पायवाटेनं,
ती चांगली रुंद आहे.

वीसेक पावलांवर म्हणाला,
"हळू.
तू वढाय लागलीस."