पोटखराबा

अभिनंदननं नेब्रास्काहून फोटो धाडला, विमानातून काढलेला.
खाली जमीनच जमीन, चौकोन पाडलेली,
ताटात वड्या कापाव्यात तशी.
"बाबा, तुमचं खातं इथंही पोचलेलं दिसतंय," म्हणाला.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
एकोणतीस वर्षं मोजणीदार होतो.
कसबा बावड्यापासून गगनबावड्यापर्यंत
बांध बघितले ते सगळे वाकडे.
नदी वळली की शेत वळायचं,
ओढा रुसला की हद्दीचा दगड वाहून जायचा
आणि दोन भाऊ कोर्टात.
हे चौकोन कुठल्याच ओढ्याला विचारून आखलेले नव्हते.

माळ्यावरची साखळी खाली काढली.
तेहतीस फूट, सोळा आणे, दोन कड्या गंजलेल्या.
त्यांची सहासष्ट फुटांची.
त्यांच्या एका चौरस साखळीत आपले चार गुंठे बसतात,
बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.
एकाच साहेबाच्या घरचं माप ते.
तिकडं मावळतीकडं चालत गेलं,
इकडं बोटीतून उतरलं.

तो तिथं घर घेत होता.
म्हटलं, सौद्याआधी फेरफार काढ,
मागं मागं जात राहा, पहिल्या नोंदीपर्यंत.
बापाची खोड म्हणून त्यानं काढला.
एक दंतवैद्य. त्याआधी बँक.
त्याआधी कुणी विधवा, तिच्याआधी तिचा सासरा,
स्वीडनहून आलेला.
एकशेसाठ एकर, पाच वर्षं कसली म्हणून त्याच्या नावावर.
त्याआधी सरकार.
"आणि सरकारच्या आधी?"
"त्याआधी काही नाही बाबा. कोरंच आहे."

कोरा रकाना कसा भरतात, मला ठाऊक आहे.

ओमाहा हे त्या लोकांचंच नाव, तो सांगत होता.
नाव शहराला राहिलं,
लोक उत्तरेला, नेमून दिलेल्या पट्ट्यात.
म्युझियममध्ये एक फोटो आहे म्हणे,
कवट्यांचा डोंगर आणि वर पाय रोवून एक टोपीवाला.
"आपल्या गव्यासारखंच जनावर, फक्त केसाळ.
ते संपवलं, मग माणसं कुठं जाणार?"

त्या संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर
धारेचं दूध घेतलं नेहमीसारखं.
म्हैस रवंथ करत माझ्याकडं बघत राहिली.
फेस बसला, दूध निवलं,
पेला तोंडाला लागेना.
गवळी म्हणाला, "चौगुले, दूध पातळ हाय व्हय?"

सत्त्याऐंशी साल. राधानगरीच्या वरच्या अंगाला
जंगलाची हद्द कायम करायची होती.
सात खोपटी, कुडाची. धनगरवाडा.
माझा साखळीवाला तापानं फणफणलेला, चावडीत पडून.
ठकू झोरे ताक घेऊन आली.
"काय मोजतायसा?"
"जमीन."
"का? ती कुठं पळून चाललीया व्हय?"
मी हसलो. तीही हसली.
सासऱ्याचा दगड दाखवला तिनं, शेंदूर लावलेला,
नाचणीचा तुकडा, पाण्याची वाट.

तिकडं गवे मारून माणसं हलवली,
इथं गव्यांसाठी.
फरक आहे. मोठा फरक आहे.
गेली किती वर्षं स्वतःला हेच सांगतोय,
आणि गवे वाढलेत, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण नोंदवहीत अक्षर माझं आहे.
गोल, सुवाच्य, साहेबांनी वाखाणलेलं:
पोटखराबा. वहिवाट निरंक. वस्ती नाही.
दगडाची खूण नकाशावर आली नाही,
शेंदराला आमच्याकडं चिन्ह नव्हतं.

अभिनंदननं घर घेतलं. गल्लीत पेढे मीच वाटले.
साखळी अजून खालीच आहे, दाराशी,
माळ्यावर टाकायची राहून जाते.

साखळीवाला नव्हता ना त्या दिवशी.
मी म्हटलं, मावशी, हे टोक जरा धरता का?
ताणून धरा, सैल सोडू नका.
तिनं ताकाचा तांब्या खाली ठेवला,
हात लुगड्याला पुसले
आणि धरलं.