बाद

तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटा तपासल्या.
शाई फाकली, बाद. आकडा सरकला, बाद.
बाद नोटेशी हुज्जत घालायची नसते,
बाजूला ठेवायची, पुढची बघायची.
तेव्हा मला विचारू नका
मालिका छान चाललीये ना म्हणून.

ती आठ वाजताची:
सून रात्री झोपते नथ घालून,
सकाळी उठते तर भांग सरळ.
एक थप्पड, तीन वेळा, तीन बाजूंनी,
मधे साबण,
उद्या परत तीच थप्पड पहिल्यापासून.

पोलिसांची ती सिरीज
पुतण्यानं, ओजसनं, मोबाइलवर लावून दिली.
सगळे अंधारात बोलतात.
खून झालाय, मान्य,
पण लाइटबिल कुणी थकवलंय?
आणि शिव्या! आमच्या गेटवर संपाच्या वेळी
याहून नेमक्या ऐकल्यात मी.
दोन भाग बरे. उरलेले आठ
म्हणजे पाहुणे वाढले म्हणून पाणी घातलेलं वरण.

लढायांचा तो मोठा सिनेमा:
घोडे खरे, माणसं प्लॅस्टिकची.
जो तो ओरडतो.
न कुजबुजता कुठला किल्ला घेतला असेल कुणी?
तिकीट साडेतीनशे, मक्याच्या लाह्या त्याहून महाग.
मी पदराखालून शेव नेली होती.
शेव चांगली होती.

अन् गंगापूर धरणाकडे शूटिंग झालं
तो द्राक्षांचा पिक्चर.
ताजनपुरे वहिनींच्या भावाचा मळा दिसतो त्यात, चार सेकंद.
हिरो भर श्रावणात पिकला घड तोडतो,
तोही हातानं ओढून.
अरे बाबा, श्रावणात वेलीवर नुसती पानं.
छाटणी व्हायचीय अजून.
आणि घड कात्रीनं घ्यायचा, देठ धरून,
मण्यांवरची पावडर पुसली
की व्यापारी ढुंकून बघत नाही.
भावाला पाच हजार मिळाले,
शिवाय तुडवलेली एक अख्खी ओळ.

एक मात्र पास केला.
रात्री एकला लागला होता, नाव आधीच येऊन गेलेलं,
अजून कळलं नाही मला.
त्यात एक बाई नवरा गेल्याचा निरोप ऐकते
आणि उठून गॅस बारीक करते.
बस.
सनई नाही, वीज कडाडणं नाही,
दुधावर नजर.
मी तिथंच टीव्ही बंद केला.
हे गेले त्या दिवशी
बिटकोच्या व्हरांड्यात मी विचारलं होतं,
त्यांचा डबा कुणाकडे आहे?
लोक अजून सांगतात एकमेकांना.

वहिनी रोज आठला येतात.
त्यांच्या घरचा टीव्ही सुनेचा, रिमोटही सुनेचा.
परवा त्या थपडेला रडल्या,
पदर ओला होईपर्यंत.
मी म्हटलं, वहिनी, नीट बघा,
हात गालाला लागलेलाच नाही,
चार बोटं अंतर आहे मधे.

दिसतंय मला, म्हणाल्या,
मोतीबिंदू काढलेत दोन्ही.
पण खऱ्यावर रडायला
आमच्याकडं जागा कुठंय?
आठ ते साडेआठ. तेवढीच.

प्रेसमध्ये असं काही हातात आलं,
पास म्हणावं की बाद ते कळेना,
तर सुपरवायझरला हाक मारायची सोय होती.
मी रिमोट घेतला.
आवाज दोन रेघा वाढवला.

मालिका भिकारच आहे, ते सोडा.
उद्या सासू पेढ्यात विष कालवणार,
आजच दाखवून टाकलंय त्यांनी.
वहिनींना पावणेआठलाच यायला सांगितलंय.
पाव किलो शेव आणून ठेवलीये.