पानाची पाठ

पान उलटं केल्याशिवाय काही कळत नाही.
वरून नुसती फिकट टिंबं,
कुणी टाचणीनं टोचत बसल्यासारखी,
आणि देठापाशी जाळं, इतकं बारीक
की खिडकीतून ऊन तिरपं आलं तरच दिसतं.

स्वरूपा म्हणाली, पप्पा, पाणी कमी पडतंय का?
मी कागद मागितला.
दुकानाच्या जुन्या बिलबुकाचं पान मिळालं,
मागची बाजू कोरी.
पामची फांदी त्यावर झटकली, थांबलो.
धूळ जागेवर राहते.
हे चालायला लागले.

लाल कोळी.
तीस वर्षं मी ह्यांच्यावर जगलो.

सावळजला दुकान होतं, स्टँडसमोर.
फेब्रुवारी तापला की बागवाले गाडी बंद न करताच विचारायचे,
कोळ्यावर काय आलंय नवीन?
दरवर्षी काहीतरी आलेलं असायचं.
लाल त्रिकोणाची बाटली काढताना
धनपाल तोंडाला रुमाल बांधायचा, मी हसायचो.
कोळी पंधरा दिवस गप्प, मग दुप्पट.
कारण त्यांना खाणारे किडे आधी मरायचे.
हे मला माहीत होतं.
एवढं लिहायला बिलाची मागची बाजू कोरीच होती.

घरी आई पाणी गाळून भरायची,
गाळण्यातली जिवाणी पुन्हा विहिरीत सोडायची.
मी दिवस मावळायच्या आत जेवायचो
आणि मग हिशेब लिहायला बसायचो,
किती लिटर गेलं.

आता विश्रामबाग, तिसरा मजला, सात कुंड्या.
नात दीड वर्षाची. हाताला लागेल ते तोंडात घालते,
पानंसुद्धा.
माळ्यावर एक बाटली अजून आहे, सील न फोडलेली.
स्टूल लावलं. चढलो.
उतरलो.

पाम बाथरूममध्ये नेला, बाकीच्यांपासून लांब.
अगदीच गेलेली तीन पानं कापून पिशवीत, पिशवीला गाठ.
कुंडीच्या तोंडाला प्लास्टिक बांधून
झाड आडवं धरलं, बाळाला न्हाऊ घालताना धरतात तसं,
आणि पाण्याची धार खालून, पाठीवर.
रात्री भिजवलेले रिठे सकाळी कुस्करले.
लिटरभर पाणी, चमचाभर निंबोळीचं तेल.
आधी एकाच पानाला लावून दोन दिवस वाट पाहिली,
पान करपलं नाही.
मग ऊन गेल्यावर, सगळ्यांना.

बनियनचं फडकं. पान तळहातावर घ्यायचं,
देठाकडून टोकाकडे.
फडक्यावर तांबूस रेघ उठते.
एकरच्या एकर मेले तेव्हा
ही रेघ मला दिसली नव्हती.

औषध मारलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं ना?
स्वरूपा दारातून विचारते.
हो, म्हणतो. फडकं पिळतो.

अंडी कशालाच दाद देत नाहीत.
म्हणून चौथ्या दिवशी पुन्हा, आठव्या दिवशी पुन्हा.
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या कॅलेंडरवर
पेन्सिलनं फुल्या मारल्यात.
एप्रिलची सांगली, कृष्णा पार खाली गेलेली,
हवा वाळवणाच्या पापडासारखी कडक.
कोळ्याला अशीच लागते.
म्हणून कुंड्यांखाली ताटल्या, ताटल्यांत खडे, खड्यांत पाणी,
आणि पंख्याखाली कुणीच नाही, मीसुद्धा.

बाराव्या दिवशी पुन्हा कागद.
झटकलं, थांबलो, चष्मा पुसला.
दोन चालत होते.
नात आली, बोट रोखून म्हणाली, मुमी?
मुंगी नव्हे, म्हटलं,
आणि पुढं काय सांगावं ते सुचेना.
फडकं हातातच होतं.
कागद ग्रीलबाहेर धरला, फुंकर मारली.

खाली मगदूमबाईंची जास्वंद आहे
हे नंतर आठवलं.
उरलेलं रिठ्याचं पाणी बाटलीत भरलं, फडकं खांद्यावर टाकलं
आणि जिना उतरताना मनात जुळवत राहिलो
की त्यांना हे नेमकं कसं सांगायचं.