एक काना जास्त

फहाहीलच्या एका इमारतीच्या तळघरात
शुक्रवारी दहा ते बारा मराठी भरते.
मुकादमबाईंनी फळ्यावर तारीख घातली, वार घातला,
आणि खाली ठसठशीत लिहिलं : शुध्दलेखन.
ध अर्धा, द अख्खा.
मागून यायचा तो ध पुढे घुसलेला,
इकाम्याच्या खिडकीवर एखादा घुसतो तसा,
आणि रांगेतलं कोणीच काही बोलत नाही.

मी बोलते.
पंधरा वर्षं मी कोल्हापुरात एका छापखान्यात
लोकांची मुद्रितं तपासली.
लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, एका आमदाराची साठी,
माझ्या हाताखालून गेल्याशिवाय काही छापलं जात नसे.
इथे ते डोळे रिकामे बसतात.
मसाल्याच्या पुड्यांवरचं मराठी वाचतात
आणि चडफडतात.

पालकांना सूचना गेली तिच्यात
‘दिर्घ सुट्टी’ होती.
दीर्घालाच दीर्घ मिळालं नव्हतं.
समारोपाला ‘आर्शिवाद’ होते,
रफार आपलं घर सोडून शेजारी जाऊन बसलेला.
मग मीच ठराव मांडला : मुलांचं राहू द्या,
आधी शिक्षकांची परीक्षा.

अकरा शिक्षक, मुलांच्या बुटक्या खुर्च्या,
गुडघे हनुवटीला टेकलेले.
कोपऱ्यात एसीखाली बादली, टप टप.
ओझरकर रिफायनरीत सेफ्टी बघतात,
त्यांनी शब्द घातले ते आगीची कवायत घेतल्यासारखे :
उज्ज्वल. सावकाश. परत एकदा, उज्ज्वल.
‘ज किती?’ चिंचणीकर सरांनी हळूच विचारलं.
‘परवडतील तेवढे,’ मागून कोणीतरी.
तज्ज्ञ. कोट्यधीश. मनःस्थिती. दुरवस्था.
मी वर न बघता लिहीत गेले.
मला कशाला वर बघायला लागतंय?

वह्या बदलल्या. माझी मुकादमबाईंकडे गेली,
त्यांची माझ्याकडे.
दापोलीच्या उर्दू शाळेत
शेवटच्या तासाला शिकलेलं मराठी,
अक्षरं जराशी उलट्या बाजूला कललेली.
पंचवीसात अकरा चुका.
माझं लाल पेन छान चाललं होतं.

‘बाई, रागावू नका हं,’ त्या म्हणाल्या,
‘पण इथे एक काना जास्त आहे.’

दुरावस्था, मी लिहिलं होतं.
त्यांनी सुपरमार्केटच्या पिशवीतून
पुठ्ठा सुटलेला कोश काढला, बोट ठेवलं.
दुर् अधिक अवस्था.
र्-ला अ मिळतो, झाला र.
काना कुठून आणलात?

काना कुठून आणला मी?
किती अहवालांतून असाच जाऊ दिला असेन.
की तेव्हा बरोबर लिहीत होते
आणि इथे येऊन शिकले?
सांगलीच्या वसतिगृहात मुलाला सोडून
परत आले त्याला तीन महिने झालेत.
कान्यासकट वाचलं तर
शब्दात दुरावा आधी दिसतो, अवस्था नंतर.
हे मी कोणाला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर चिंचणीकर सर म्हणाले असते, वा,
आणि अर्धा गुण परत दिला असता.
चूक ती चूक.
मी सही केली : साडेचोवीस.

मग उठले, फळ्यावरचा ध बोटाने पुसला.
‘द आधी.’
‘लिहून लिहून हात तसाच वळतो, बाई,’
त्या म्हणाल्या, आणि खडू माझ्या हातात दिला.

बाहेर रस्ता पांढरा तापलेला,
गाडीचं दार रुमालाने उघडावं लागतं.
फोनवर मुलाचा मेसेज होता :
आई जेवलिस का
मी लिहिलं : ‘ली’ दीर्घ.

तो काहीतरी टाइप करतोय
असे तीन ठिपके
बराच वेळ हलत राहिले.
मग थांबले.