पंचनाम्यात आमचा डबा

अनुक्रमांक सतरा:
ॲल्युमिनियमचा डबा एक, कडीचा, झाकणासह,
वर लाल ऑइलपेंटने 'सौ. कु. वि. सावे'.
आत गव्हाचं पीठ, अंदाजे पाच किलो.
हवालदारांनी मोठ्यांदा वाचलं
आणि आईकडे असं बघितलं
की तिनेच काहीतरी सांगून दळून घेतलंय.

मी नववीत होते. डबा धरायला गेले होते.

सोमवारी गिरणी बंद असायची.
दगडाला टाकी लावायचा दिवस.
मुकुंद घाग उकिडवा बसायचा, पाळ उलटी टाकून,
कानात कापूस, पापण्या पांढऱ्या,
आमच्या अख्ख्या कन्नमवार नगरात
ती टकटक ऐकू यायची आणि कुणाला ऐकू यायची नाही.
शिवदास त्याचा साडू. काट्यावर तो बसायचा.
बायका सख्ख्या बहिणी,
गॅलऱ्या समोरासमोर,
एकीच्या दोरीवरचं वाळलं की दुसरी ओरडून सांगायची.

भांडण पैशांचं, म्हणाले. मग म्हणाले डिपॉझिटचं.
मग आवाज खाली आणून आणखी काही म्हणाले.
टाकीचाच हातोडा, एवढंच पक्कं झालं.

आणि हे कुणी विचारलं नाही:
आईने डबा रविवारी रात्री ठेवला होता. आत गहू होते.
परत आलं ते पीठ.
म्हणजे सोमवारी पट्टा फिरला.
तळमजल्याच्या शेट्येकाकूंनी ऐकलाही,
दुपारी, पाऊण तास,
म्हणाल्या, उरलीसुरली दळणं काढत असेल बिचारा.
आमचं दळण आधी झालं
की नंतर?

अकरा दिवस डबा सीलबंद गिरणीत होता.
बाबा म्हणाले, खाडीत टाक.
आईने परातीत ओतलं, चिमूट बोटांत चोळली,
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, एवढं बारीक त्यानं कधीच दिलं नव्हतं.
त्या रात्री आम्ही पोळ्या खाल्ल्या.
गहू स्वस्त नव्हते.

सोळा वर्षांनी तो पतपेढीत आला,
माझ्याच खिडकीशी. पापण्या काळ्या.
मी ओळखला तो त्यामुळेच, उशिरा.
फॉर्मवर 'व्यवसाय' पाशी पेन थांबलं.
काय लिहू, ताई?
मी म्हटलं, रिकामं ठेवा, चालतं.
चालत नाही. सिस्टिम घेत नाही.
त्याने माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं,
ओठ हलवत, दोनदा.
लाल अक्षरं, म्हणाला. मिळालं होतं ना दळण?
मिळालं.
नीट झालं होतं?
मागे रांग होती. मी म्हटलं, बारीक होतं.
तो हसला नाही, पण खांदे जरा खाली आले,
कामाची पावती मिळाल्यासारखे.
आणि मला, देवाशपथ, बरं वाटलं त्याच्यासाठी.
घरी जाऊन मग उलटी झाली.

शिवदासचं मला काय आठवतं?
मुकुंदच्या पापण्या आठवतात, कापूस आठवतो,
हाताच्या शिरांतलं पीठसुद्धा. खून करणारा पुरा आठवतो.
मेलेल्याचं एवढंच:
तो झाकण फार घट्ट लावायचा.
तळव्याने दोन थापा, झालं!, आणि घरी आल्यावर
चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागायचं,
आई रोज त्याच्या नावाने बोटं मोडायची.

आई आता शहात्तरची.
परवा मटार सोलता सोलता आपणहून म्हणाली,
त्या डब्याचंही झाकण घट्ट होतं गं.
म्हणजे दळण झालं तेव्हा होता तो.
त्यानेच लावलं.

पोलिसांनी आत काय आहे ते लिहिलं होतं.
म्हणजे त्यांनी ते उघडलं होतं.
शिवाय मी शेजारीच उभी होते, परात धरून.
झाकण हातानेच निघालं.

मी म्हटलं, हो, चमचा मीच आणला होता.